आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर वाजेल, पण आधी सुई बघा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. अंबाजोगाईचं जुनं घर आवरताना माडीवर आजोबांचा एचएमव्हीचा पेटीवजा रेकॉर्ड प्लेअर निघाला, झाकणातच स्पीकर असलेला. सोबत चाळीसेक रेकॉर्डी, काही जाडजूड आणि जड, बाकीच्या एलपी. प्लग लावला तर थाळी फिरते, पण दमल्यासारखी. आवाज बारीक येतो आणि फाटतो. एक एलपी अर्धी वाजवून तुम्ही बंद केलीत. भाऊ म्हणतो, हे भंगारात घाला, नवा सूटकेसवाला प्लेअर मागवू. तुम्हाला विचारायचंय की हा दुरुस्त होईल का, आणि त्यात पैसे घालावेत का.

होईल. अर्धी वाजवून बंद केलीत ते फार बरं केलंत, आणि आता दुरुस्ती पुरी होईपर्यंत त्यावर तुमची एकही रेकॉर्ड ठेवू नका. यंत्राचं काहीही बिघडलं तरी ते आज ना उद्या बदलता येतं. मोटर जळाली तर दुसरी बसते, स्पीकर फाटला तर त्याचा कागद बदलतो. रेकॉर्डची खाच, जिच्यात गाणं कोरलेलं असतं, ती एकदा खरवडली गेली की भरून देणारा कारागीर कुठं मिळत नाही. म्हणून कुठलंही जुनं यंत्र समोर आलं की मी आधी त्याची सुई बघतो, मोटर नंतर.

मी परभणीत १९८४ सालापासून ह्या कामात आहे. सुरुवात लाऊडस्पीकरच्या दुकानातून झाली. लग्नाच्या मांडवात कर्णे बांधायचे आणि वरात दारात येईपर्यंत रेकॉर्डी बदलत बसायचं. दुरुस्ती पुढं शिकलो. त्या पहिल्या वर्षांतच सेलूकडचे एक निवृत्त मास्तर प्लेअर घेऊन आले, सोबत नाट्यगीतांची एकच एलपी. मी मोटर सुरू करून दिली आणि त्या आनंदात त्यांचीच एलपी, त्यांच्याच जुन्या सुईवर, दोन्ही बाजूंनी तीनतीनदा वाजवली. नंतर नवी सुई आली, बसवली, लावून पाहिलं. गायकाची तान वर चढली की स्वर टरकायचा, कुणी धोतर फाडावं तसा. नव्या सुईनंसुद्धा. जुन्या सुईनं वरच्या स्वरांची बारीक नक्षी खरवडून टाकली होती. मास्तरांनी पैसे दिले, एलपी कव्हरात घातली आणि काही न बोलता गेले. तेव्हापासून माझ्या टेबलावर तपासणीसाठी वेगळी, ओरखडे पडलेली रेकॉर्ड असते. गिऱ्हाइकाची रेकॉर्ड सुईची खात्री झाल्याशिवाय मी लावत नाही.

आता अडचण अशी की तुमचं यंत्र मी पाहिलेलं नाही, आणि उत्तर बरंचसं त्यावरच ठरतं. मोटर थेट मेनवर चालते की सेलवरही, दांडीच्या टोकाला कुठलं कार्ट्रिज (सुई बसते ती डबी) आहे, तुमच्या एलपींमध्ये स्टीरिओ किती आहेत, आणि तुम्ही सणासुदीला ऐकणार की रोज संध्याकाळी. मी इथं धरून चालतो की यंत्र मेनवर चालतं, १६, ३३, ४५, ७८ अशी वेगाची कळ आहे आणि थाळीखाली रबरी चाक आहे. त्या काळातल्या अशा पेट्या मी बहुतेक ह्याच पद्धतीच्या पाहिल्यात. तुमचा वेगळा निघाला तर फिरण्याबद्दलचा भाग बदलेल, सुईबद्दलचा नाही.

आधी विजेचं. प्लग पुन्हा लावू नका. त्या पेटीत इतकी वर्षं माळवदाची माती झिरपलेली असणार, उंदरांनी वायर कुरतडलेली असू शकते, आणि जुन्या रबरी वायरीचं आवरण वाकवलं की बिस्किटासारखं तुटतं. काही जुन्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो, पत्र्याची चासी सरळ मेनला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की त्या पत्र्यात करंट. तुमचा तसा आहे का हे आतून उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून एवढा भाग रेडिओ-टीव्हीच्या जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या. तो वायर बदलेल आणि सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, लावून बघेल. हा बल्ब जुना तारेचा, ६० वॉटचा पाहिजे, एलईडी चालत नाही. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मिणमिणला, तर पुढं जायला हरकत नाही. स्पीकरमधून सारखं ‘गुंऽऽ’ येत असेल तर फिल्टरचे कंडेन्सर वाळलेत असं समजा. इतक्या जुन्या सेटमध्ये मी ते न तपासताच बदलतो. वस्तू स्वस्त आहे, आणि फुटला तर बाकीचं घेऊन जातो.

लाईट गेली म्हणून इन्व्हर्टरवर लावायचा मोह होईल. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर लावा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ही मोटर गुरगुरते आणि तापते.

आता फिरण्याचं. मोटरच्या दांड्यावर पायऱ्या पायऱ्यांची बारीक पुली असते, प्रत्येक पायरी एका वेगाची. त्या पुलीला रबरी चाक टेकतं, आणि ते चाक थाळीच्या आतल्या काठाला टेकून थाळी फिरवतं. कळ फिरवली की चाक वरखाली सरकून दुसऱ्या पायरीवर जातं. इतकंच. त्यामुळं थाळी दमत असेल तर सहसा दोनच कारणं: वंगण गोठलंय नाहीतर रबर कडक झालंय. बरेचदा दोन्ही.

थाळी काढायला आधी वरची रबरी चटई उचला. मधल्या खुंट्याभोवती बारीक क्लिप दिसेल. ती सुटताना उडते, म्हणून वरून बोट धरा आणि खाली पांढरं फडकं अंथरा. मग थाळी दोन्ही हातांनी सरळ वर घ्या. खाली खुंट्यावर एक-दोन वायसर असतील, कधी बारीक छर्रे असतात. ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं फोटो काढून ठेवा, कारण वायसर खालीवर झाले की थाळी घासते. खुंट्यावर जो मधासारखा चिकट, तपकिरी थर दिसेल ना, ते आजोबांच्या वेळचं ग्रीस. ते आता वंगण राहिलेलं नाही, ब्रेक झालंय. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडं मिळणाऱ्या आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा साध्या स्पिरिटनं कापूस भिजवून ते सगळं काढा, खुंट्यावरचं आणि थाळीच्या भोकातलंही. मग शिलाई मशीनचं तेल, खुंट्याला दोन थेंब. मोटरच्या वरच्या आणि खालच्या बुशला एकेक थेंब, सुईच्या टोकानं सोडायचा. जास्त घातलं तर ते उडून रबरी चाकावर जातं आणि थाळी पुन्हा घसरते.

खोबरेल तेल घालू नका. घरात हाताशी असतं म्हणून लोक घालतात, आणि थंडीत ते थिजलं की यंत्र बंद पडलं म्हणून माझ्याकडं आणतात. गंज सोडवायचा स्प्रेही नको. तो जुनं तेल धुऊन नेतो आणि स्वतः थोड्या दिवसांत वाळतो.

रबरी चाक हातात घेऊन नखानं दाबून बघा. नख किंचित रुततं तर रबर जिवंत आहे. काचेसारखं गुळगुळीत झालं असेल तर बारीक पॉलिश पेपरवर चाक गोल फिरवत वरची चकाकी तेवढी काढायची, मग स्पिरिटनं पुसायचं. थाळीचा आतला काठ आणि मोटरची पुलीही पुसा. नुसत्या पुसण्यानं अर्धी यंत्रं वेगावर आलेली मी पाहिलीत. चाकाला एका ठिकाणी खळगा पडला असेल तर मात्र पुसून भागत नाही. दर फेऱ्याला ‘धप्, धप्’ असा ठोका येत राहतो. छापखान्याचे रबरी रोलर भरून देणारे लोक असतात, त्यांच्याकडून चाकाला नवं रबर चढवून, लेथवर गोल करून घेता येतं. माप जुन्या चाकाइतकं नेमकं नसलं तरी चालतं, कारण वेग पुलीच्या पायरीवर ठरतो, मधल्या चाकाच्या मापावर नाही. गोलाई मात्र अचूक पाहिजे.

वेग मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. एलपीचा वेग मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. थाळीच्या काठाला कागदाचा तुकडा चिकटवा, वर ओरखड्याची एखादी टाकाऊ रेकॉर्ड ठेवून सुई टेकवा, आणि मोबाईलवर तीन मिनिटं लावून फेरे मोजा. सुई टेकवूनच मोजायचं, मोकळी थाळी नेहमी थोडी जोरात जाते. १०० च्या जागी ९९ किंवा १०१ भरले तर कानाला कळणार नाही. ९४ भरले तर सूर अर्ध्या स्वरानं उतरला: काळी दोनमध्ये गायलेलं गाणं तुम्हाला पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. हार्मोनियम जवळ असेल तर रेकॉर्डबरोबर वाजवून बघा, चूक लगेच उघडी पडते. गायकाचा आवाज असा जडावलेला का वाटतो म्हणून लोक विचारतात, तेव्हा बहुतेक वेळा हेच निघतं.

इतर कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी एक. सौदीहून आणलेली यंत्रं आमच्याकडं येतात. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. ह्या मोटरींचा वेग व्होल्टेजवर फारसा नसतो, हर्ट्झवर असतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवलं तरी ते यंत्र सहा फेऱ्यांच्या जागी पाचच मारतं. तिथं मोटरची पुली बदलावी लागते. ताई, तुमचं यंत्र इथलंच, ती भानगड तुम्हाला नाही.

म्हणजे इथपर्यंत वायर, कंडेन्सर, वंगण, रबर आणि वेग एवढं झालं, आणि तुमच्या पेटीतली एकही रेकॉर्ड अजून बाहेर काढलेली नाही. आता सुई.

तुमच्याकडच्या जाड, जड रेकॉर्डी लाखेच्या आहेत, ७८ वेगाच्या. बाकीच्या विनाइलच्या, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकच्या. गाणं कुठल्या सालचं आहे त्यावरून हे ओळखायला जाऊ नका. जगात एलपी १९४८ साली आली तरी आपल्याकडं लाखेच्या रेकॉर्डी १९६० च्या दशकातही निघत होत्या, इतक्या की बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर छापली गेली. हातात धरून ओळखा. लाखेची जड असते, बोटाच्या पेरानं हलकं वाजवलं तर कवडीसारखा टणक आवाज देते, आणि पडली की फुटते. विनाइलची किंचित वाकते.

ह्या दोन जातींना दोन वेगळ्या सुया लागतात. ७८ च्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ०.०७५ मिलिमीटर, मोनो एलपीच्या सुईची ०.०२५, स्टीरिओची ०.०१८ च्या आसपास. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात, पण खाचेला फरक कळतो. ७८ ची जाड सुई एलपीच्या खाचेत उतरतच नाही, काठावर बसून काठ चेपत जाते. उलट एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर येते. त्या काळातल्या प्लेअरमध्ये बहुधा एकाच कार्ट्रिजला दोन टोकं असतात, आणि पुढं आलेली बारीक दांडी फिरवली की सुई उलटते. एका बाजूला एलपी किंवा ३३ असं लिहिलेलं असतं, दुसऱ्या बाजूला ७८. आता आठवून बघा: तुम्ही एलपी लावलीत तेव्हा कुठली बाजू वर होती? आजोबांनी शेवटी लाखेची रेकॉर्ड ऐकली असेल तर ७८ ची बाजू लागलेली असणार. बारीक आणि फाटका आवाज येण्याचं हेही एक कारण आहे.

बाजू बरोबर असली तरी त्या सुईवर विश्वास ठेवू नका. त्या काळात नीलमणी सुई सर्रास वापरात होती, कारखान्यात बनवलेला नीलमणी. तिचं आयुष्य शंभर तासांच्याही आत संपतं. हिऱ्याची सुई ५०० ते १००० तास जाते. आजोबांनी ही सुई किती तास वाजवली ह्याची कुठं नोंद नाही, आणि ती बदलायला त्यांना नवी मिळाली होती का, तेही नाही. गोल टोक खाचेच्या दोन भिंतींना घासून दोन्ही कुशींना सपाट होतं. मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर दोन चकचकीत ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांच्या कडा म्हणजे सुताराची पटाशीच. ती पटाशी खाचेतून फिरली की जिथं नक्षी सगळ्यात दाट, तिथला माल पहिला निघतो: वरचे स्वर, टाळांची किणकिण, ‘स’ आणि ‘श’चे उच्चार. मास्तरांच्या एलपीचं मी हेच केलं होतं.

सुईबरोबर कार्ट्रिजही बघावं लागेल. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल मीठ नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. सुई हलली की तो दाबला जातो आणि त्यातून वीज निघते, तोच आवाज. हा स्फटिक दमट हवेनं बिघडतो आणि ५५ अंशांच्या आसपास संपतोच. पत्र्याखाली ठेवलेल्या यंत्रांतले मी बहुतेक मेलेलेच पाहिले; आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालची माडी काय होते ते तुम्हाला सांगायला नको. माळवदाखाली थंडावा असतो, म्हणून तुमचा वाचलेलाही असू शकेल. नंतर आलेलं सिरॅमिक कार्ट्रिज जास्त चिवट. मेकॅनिकनं विजेचं काम केल्यावर मऊ ब्रशच्या एका केसानं सुईला हलकं डिवचा. स्पीकरमधून मोठा, भरीव ‘खर्र’ आला तर कार्ट्रिज जिवंत आहे, फक्त सुई बदला. बारीक, पत्र्यासारखा आला तर ते गेलं.

गेलं तरी घाबरायचं कारण नाही. नवी सिरॅमिक कार्ट्रिजं आजही मिळतात, आणि बसवायच्या दोन भोकांतलं अंतर बहुधा अर्धा इंच असतं, म्हणून थोडी खटपट करून जुन्या दांडीत बसतात. ऑनलाइन मिळतात, नाहीतर आपल्याला देवगिरी एक्सप्रेसनं दोन्हीकडं जाता येतं: एका टोकाला मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दुसऱ्या टोकाला हैदराबादचं कोठी, तिथली गुजराती गल्ली. मी स्वतः हैदराबादला जातो, परभणीहून ते जवळ पडतं. जाताना जुनं कार्ट्रिज काढून सोबत न्या, फोटोवर काम भागत नाही. विकत घेताना हिऱ्याची सुई मागा. लाल प्लास्टिकची जी स्वस्त सुई दाखवतात ती बहुधा नीलमणी असते. तीही चालते, पण तास मोजून बदलायची तयारी पाहिजे.

कुणी सांगेल, मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवा, आवाज सुधारेल. ह्या यंत्रात बसवू नका. त्याला दीड-दोन ग्रॅम वजनावर सहज हलणारी दांडी लागते, आणि ही दांडी तशी नाही. त्याचा आवाज इतका क्षीण असतो की वेगळा फोनो प्रीॲम्प्लिफायर लागतो, आणि त्यातून ह्या मोटरची घरघर गाण्याच्या बरोबरीनं ऐकू येईल. चांगल्या डेकसाठी ती वस्तू आहे.

वजनाचं सांगायचं राहिलं. सिरॅमिक कार्ट्रिज साधारण चार ते सहा ग्रॅमवर चालतं. जे घ्याल त्याच्या कागदावर आकडा असेल तो पाळा. मोजायला सोनाराचा काटा. आमच्या शेजारच्या सराफाकडं मी दांडीच घेऊन जायचो, आता खिशात मावणारा डिजिटल काटा ठेवतो. सुई रेकॉर्डच्याच उंचीवर तोलली गेली पाहिजे, म्हणून थाळी काढून काटा तेवढ्या उंचीला आणायचा. वजन जास्त भरलं तर दांडीच्या मागची स्प्रिंग एक-एक भोक ओढून बघा. आणि कमी वजन म्हणजे रेकॉर्डला बरं, हेही खरं नाही. फार हलकी सुई खाचेत नाचते आणि भिंतीवर आपटते. ते जास्त वाईट.

आता तुमच्या एलपी चाळून ज्यांच्यावर ‘स्टीरिओ’ लिहिलंय त्या वेगळ्या काढा. मोनो रेकॉर्डमध्ये सुई फक्त डावी-उजवीकडं हलते. स्टीरिओमध्ये ती वरखालीही हलते. जुनं मोनो कार्ट्रिज वरखाली ताठ असतं. त्यानं स्टीरिओ एलपी वाजेल, गाणंही ऐकू येईल, पण खाचेतली वरखालीची नक्षी दर वेळी थोडी सपाट होईल. म्हणून नवं कार्ट्रिज घेताना स्टीरिओचंच घ्या आणि मेकॅनिकला त्याच्या दोन्ही वायरी एकत्र जोडून मोनो करायला सांगा. स्पीकर एकच आहे, तुम्हाला फरक कळणार नाही, रेकॉर्ड वाचेल. ह्या एका कामासाठी मी जादा खर्च सांगतो आणि गिऱ्हाइकाला समजावत बसतो.

रेकॉर्डी धुणं तुम्ही घरीच करा, मेकॅनिक इतका वेळ देणार नाही. कोरड्या फडक्यानं मुळीच पुसू नका. माळवदाची पांढरी माती म्हणजे बारीक कचच. कोरडं पुसलं की ती खाचेत दाबून बसते. आधी मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं गोल, दाब न देता. मग पाणी. बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडं ते इतकं जड आहे की वाळल्यावर खाचेत क्षार राहतो आणि तोच पुढं चरचरतो. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं. मागताना नीट सांगा आणि कॅनवरचं वाचा, तिथं ॲसिडचेही कॅन असतात. लिटरभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब. मधल्या छापील कागदावर प्लास्टिकचं झाकण दाबून धरा, जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा ओला करून गोल गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन सावलीत उभी करून वाळवा. पहिल्या धुण्याला फडक्यावर जो राखाडी पट्टा उमटतो तो बघितलात की आधी वाजवली नाही हे बरं झालं असं वाटेल.

विनाइलला डाग असेल तर स्पिरिटचा हात चालून जातो. लाखेच्या रेकॉर्डीला थेंबही नको. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो ना, त्या रेकॉर्डीत तोच चपडा आहे. त्या साबणाच्या पाण्यानंच, पटकन धुऊन पटकन टिपायच्या.

एखादी एलपी पापडासारखी वाकली असेल तर उन्हात ठेवून सरळ करायला जाऊ नका. विनाइल ६०-७० अंशांना मऊ पडतं आणि उन्हात तापलेल्या बंद गाडीत, काचेखाली, तेवढी उष्णता सहज होते. वाक जाईल पण खाचही पसरेल. दोन जाड काचांमध्ये घालून, वर पुस्तकांचा भार ठेवून, घरातल्या थंड जागी महिनाभर विसरा. थोडा वाक उरला तरी सुई चढउतार पेलते. ठेवताना उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या, एकीवर एक रचू नका, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं लोखंडी कपाट टाळा.

भावाच्या सांगण्याबद्दल. नवे सूटकेसवाले प्लेअर अगदी वाईट असतात असं मी म्हणणार नाही. त्यातही सिरॅमिक कार्ट्रिजच असतं, वजनही तसंच पाच-सहा ग्रॅमचं. म्हणजे रेकॉर्डला ते तुमच्या दुरुस्त केलेल्या यंत्रापेक्षा जास्त जपतं, असं काही नाही. थाळी मात्र लहान आणि हलकी असते, एलपी बाहेर लोंबते, आणि सूर डगमगतो. तुमच्या यंत्राची मोटर जळालेली निघाली, पुली तुटलेली निघाली, तर शोधाशोधीत वर्ष जाईल. तेव्हा भावाचं ऐका आणि आजोबांचं यंत्र शोकेसमध्ये ठेवा. थाळी फिरतेय, आवाज थोडा का होईना येतोय, म्हणजे तुमच्या बाबतीत तसं दिसत नाही. मी असतो तर दुरुस्त केला असता. रोज दोन तास ऐकायचा बेत असेल, घरात बऱ्याच स्टीरिओ एलपी असतील, तर हे यंत्र ७८ साठी आणि जुन्या मोनो एलपीसाठी ठेवा आणि बाकीच्यांसाठी पुढंमागं मॅग्नेटिक कार्ट्रिजचा चांगला डेक बघा. दोघांना आपापलं काम आहे.

सगळं झाल्यावर पहिली रेकॉर्ड कुठली लावाल ती आवडतीच लावा, तोवर सुई नवी झालेली असेल. फक्त ऐकून झालं की वेगाची कळ दोन आकड्यांमधल्या खुणेवर आणा, मग प्लग काढा. कळ आकड्यावर राहिली की रबरी चाक मोटरच्या पुलीला चिकटून राहतं आणि त्या एका जागी दबत जातं. आजोबांनी शेवटची रेकॉर्ड उतरवली तेव्हा कळ कुठं ठेवली होती, ते चाक हातात घेतल्यावर तुम्हाला बोटानंच कळेल.